शेतमालासाठी मागे सिंगल टायरची पिकअप घ्यावी की डबल टायरची?

तुम्ही लिहिलंय की टोमॅटो आणि कांदा, रोजचा दीड ते दोन टन माल, शेतातून पिंपळगाव बाजार आणि आठवड्यातून दोनदा वाशी मार्केट. माल खरंच दीड टन असेल तर सिंगल (मागे दोन्ही बाजूंना एकेक टायर), दोन टन असेल तर डबल (दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे जोड टायर). पण 'दीड ते दोन' म्हणणाऱ्या माणसाचा माल अडीच असतो, हे मी स्वतःवरून सांगतो. हा प्रश्न आमच्या घरात 2019 पासून पेटलेला आहे, म्हणून जरा लांबण लावतोय.

माझी पिकअप सिंगल टायरची, पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेला माल, 1300 किलो. आमचे चुलते, आप्पा, आयुष्यभर टाटा 407 वाले, म्हणजे जोड टायरच्या छोट्या ट्रकवाले. 407 आली 1986 ला, आणि आप्पांच्या मते त्यानंतर देशात गाडी अशी बनलीच नाही. 'मागं जोड टायर नाही ती माल वाहायची गाडी नव्हे, ती पाहुणे आणायची गाडी,' असं त्यांनी शोरूममध्येच सेल्समनसमोर सुनावलं होतं. मी तरी घेतली.

2019 च्या सप्टेंबरात भाव बरा होता. माझे 90 कॅरेट भरून झाले, आणि शेजारचे काका म्हणाले, 'एवढे तीस घेऊन जा, वेगळी गाडी कुठं करू?' झाले 120. कॅरेटसकट 22 किलो धरले तर 2640 किलो, म्हणजे पासिंगच्या दुप्पट. मी निवांत, कारण मागचे पाटे, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घेतले होते. पाटे वाढवले की गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच. टायरला त्यातलं काही कळत नाही. त्यात उजवीकडचा मागचा टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला.

कसारा घाट उतरताना रात्री अकराच्या सुमारास आवाज झाला. आधी वाटलं, समोरचा ट्रक फुटला. मग गाडीची शेपूट डावीकडे झुलली आणि कळलं की आपलंच. नशिबाने दरीच्या बाजूला न जाता कडेला टेकली. वरची थप्पी रस्त्यावर. टॉर्च मारला तर टोमॅटो उताराने घरंगळत चाललेले, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी त्यांचा रस्साच करत होती. जॅक लावला तर गाडी उचलायचं नाव नाही. पावसात साठ कॅरेट हाताने उतरवले, स्टेपनी चढवली, पुन्हा साठ भरले. वाशीला पोचेपर्यंत सौदे उरकले होते. जो भाव मिळाला तो सांगत नाही, काका अजून शेजारीच राहतात.

दुसऱ्या दिवशी आप्पा ओट्यावर बसलेले. 'जोड टायर असता तर एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी आली असती.' त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक सावडण्याला हेच वाक्य.

आता माझं ऐका. टायरच्या कडेला 112/110 असा आकडा असतो. पहिला आकडा टायर एकटा लावला तर, दुसरा जोडीत लावला तर. 112 म्हणजे 1120 किलो, 110 म्हणजे 1060. जोडीत प्रत्येकाची ताकद कमी धरतात, कारण दोघांवर वजन कधीच सारखं येत नाही. तरीही चार टायर मिळून 4240 होतात, आणि एकटे दोन मिळून 2240. त्यात रिकाम्या गाडीचं मागचं वजनही आलं. माझ्या दोन टायरांवर किती पडलं असेल, तुम्हीच मांडा. फुटला तो ओझ्याने, टायरांची संख्या कमी म्हणून नव्हे.

आणि जोड टायरचं कौतुक करणारे आतल्या टायरबद्दल बोलत नाहीत. 2021 ला आप्पांच्याच गाडीचा डावीकडचा आतला टायर बसला. बाहेरचा गाडी पेलत होता, म्हणून ड्रायव्हरला पत्ता नाही. बसलेला टायर शेजारच्याला घासत राहिला, तापला, आणि शहापूरजवळ एका मोटारसायकलवाल्याने ओरडून सांगितलं की धूर निघतोय. दोन्ही गेले. माझा एक गेला होता, त्यांचे दोन. हे लग्नात कोणी काढत नाही.

डबल घेतलीत तर रोज निघण्याआधी टॉमीने (लोखंडी दांड्याने) मागचे चारही टायर ठोका. भरलेला टणकन वाजतो, बसलेला भद्द. दोघांच्या मध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघा. जोडीत एक नवा, एक झिजलेला घालू नका, सगळं वजन नवा घेतो आणि आधी तोच मरतो. स्टेपनी धरून पाचाऐवजी सात टायर विकत घ्यायचे आहेत, हेही लक्षात असू द्या.

कागदांचं थोडक्यात. भरलेल्या गाडीचं एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. 407 सारख्या गाडीला लागतं. लायसन्सची भीती घालणारे भेटतील, त्यांना सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर 2024 चा निकाल सांगा, साडेसात टनांच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते. ओव्हरलोडला 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 20,000 रुपये, वर दर जादा टनाला 2,000. माझ्या त्या रात्री वजनकाट्यावर गाडी घेतली असती तर टोमॅटो तिथेच सोडून यावे लागले असते.

आप्पांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर खोटं होईल. घाटात टायर फुटल्यावर सिंगलची गाडी जशी झुलते तशी डबलची झुलत नाही. गाडीवर पगारी ड्रायव्हर असेल आणि भरताना तुम्ही हजर नसाल, तर गुपचूप डबल घ्या. व्यापारी भरत जाईल आणि तो 'हो' म्हणत जाईल.

पण शेतातून माल काढायचा असेल तर काळ्या मातीची पाणंद विसरू नका. सिंगलचं मागचं चाक पुढच्याच चाकोरीतून येतं. जोडीतलं एक चाकोरीत आणि दुसरं बांधाच्या गवतावर, मधल्या फटीत चिखल भरला की चाक नुसतं गरगरतं. गेल्या भाद्रपदात आप्पांची गाडी अशीच पाणंदीच्या तोंडाशी रुतली. त्यांचे शंभर कॅरेट मी पिकअपने डांबरीपर्यंत आणून दिले, पन्नास-पन्नासच्या दोन खेपांत. आप्पा म्हणाले, 'एका खेपेत बसले असते.'