वाचकांचे प्रश्न : भर पावसात काम करणाऱ्यांचा रेनकोट

मृग निघाला की कोल्हापूर जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांत रेनकोटाची विचारणा हमखास असते. यंदाच्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत, कारण चौघांची कामे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत आणि रेनकोट निवडताना पाऊस किती पडतो याच्या आधी काम कोणते आहे हे पाहावे लागते, असे माझे ठाम मत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून मोटरसायकलवरून संस्थेत पोहोचवतो. पहाटे साडेचारला निघतो, घरी यायला नऊ वाजतात. चार वर्षांत तीन रेनकोट झाले. दर वेळी आधीच्यापेक्षा जाड घेतला, तरी आतला शर्ट ओला होतो आणि विजारीत तर पंधरा मिनिटांत पाणी शिरते. दुकानदार म्हणतात, माल पूर्ण वॉटरप्रूफ आहे. मग पाणी येते कुठून?

उत्तर : दुकानदार खोटे बोलत नसावेत. आपल्या रेनकोटाचे कापड बहुधा गळत नाही. पाणी दुसऱ्या वाटांनी येते. घरी आल्यावर रेनकोट उतरवून आतला शर्ट नीट पाहा. काखा, छाती आणि पाठीचा मधला पन्हाळ ओला असेल आणि खांदे कोरडे असतील, तर तो घाम आहे. खांद्याची रेघ, गळा आणि मनगटे ओली असतील, तर पाणी शिवणीतून किंवा उघड्या तोंडांतून आलेले आहे. ही पाहणी चार दिवस केली, तर पुढच्या खरेदीत नेमके काय तपासायचे ते आपले आपल्यालाच कळेल.

लेबलावर ५००० मिमी, १०००० मिमी असे आकडे असतात आणि पुष्कळ जण ते पावसाचे आकडे समजतात. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तेवढ्या आकड्याचा रेनकोट तिथे एक वर्ष टिकेल, असा हिशेब करणारेही मला भेटले आहेत. प्रत्यक्षात तो आकडा पाण्याच्या उभ्या स्तंभाची उंची असते. कापडावर पाण्याचा स्तंभ वाढवत नेला असता किती उंचीला पाणी पलीकडे झिरपू लागते, एवढेच तो सांगतो. पडणाऱ्या थेंबाचा दाब त्या मानाने थोडा असतो. दाब वाढतो तो आपण ओल्या जागेवर बसतो, गुडघे टेकतो किंवा खांद्यावर ओझे घेतो तेव्हा. सत्तर किलो वजनाचा माणूस दोन्ही गुडघ्यांवर टेकला आणि जमिनीला लागणारी जागा सुमारे १०० चौरस सेंटीमीटर धरली, तर त्या जागी ७००० मिलिमीटरच्या स्तंभाइतका दाब येतो. म्हणून बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी विजारीला दुहेरी कापड असावे.

आपल्या विजारीचे दुखणे मात्र कापडापेक्षा शिवणीचे आहे. बहुतेक विजारींत चार शिवणी नेमक्या जांघेत एकत्र येतात. मोटरसायकलवर बसले की कोटाच्या पुढच्या घोळात पाण्याचे तळे साचते आणि ते थेट त्या चौफुलीवर उतरते. खालूनही पाणी येते. सीटचे कव्हर उसवलेले असेल तर आतला फोम रात्रभर पाणी पितो आणि आपण बसताच ते सारे वर फेकतो. तेव्हा आधी सीटचे कव्हर बदलून घ्या; रेनकोटापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते. विजार घेताना ती उलटी करून जांघेतील जोड पाहा. सुईने शिवलेल्या प्रत्येक टाक्याला एक भोक असते आणि ते झाकण्यासाठी आतून उष्णतेने चिकटवलेली पट्टी लागते. ही टेप सर्व शिवणींवर अखंड हवी. एका दुकानदाराने मला ‘सीम टेप’ असलेला म्हणून विकलेल्या कोटाला टेप फक्त खांद्यावर होती. काखेपासून खाली सगळी शिवण उघडी होती आणि ते मला भर तरण्याच्या पावसात, आंबेवाडीच्या रस्त्यावर कळले. तेव्हापासून मी कोट उलटा करून बोटाने प्रत्येक शिवण चाचपल्याशिवाय पैसे देत नाही.

घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा करावी. बाहीचा शिवण असलेला भाग बाहेरची बाजू वर ठेवून पातेल्यात खोलगट बसवा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने खालून हात फिरवा. हात ओला झाला तर कोट त्याच दिवशी परत करा. बिल जपून ठेवले असेल तर वाद होत नाही.

चेनवर झाकणाची पट्टी हवी आणि ती व्हेल्क्रोने बसणारी हवी. विजारीला पुढे चेन नसलेलीच बरी. गळ्याशी मऊ सुती रुमाल बांधू नका, तो वातीसारखे पाणी आत ओढतो. हातमोजे घालत असाल तर मोज्याचे तोंड बाहीच्या आत राहू द्या, म्हणजे हातावरून ओघळणारे पाणी बोटांकडे जाऊन खाली पडेल. विजारीचा पाय गमबुटाच्या बाहेरून सोडावा. आत खोचला की बूट भरलाच म्हणून समजा. सैल घोंगता किंवा पोंचो मोटरसायकलवर कधीही वापरू नका, कारण त्याचे टोक साखळीत किंवा चाकात गेले की माणूस खाली येतो. आपल्या कामात अंगमेहनत अधूनमधून आणि वारा जास्त असल्यामुळे महागडे वाफ सोडणारे कापड घेण्याची गरज नाही. पॉलिस्टर कापडावर पीव्हीसीचा थर असलेला, पूर्ण टेप केलेला, पाठीवर झाकणाखाली वारा जाण्याची फट ठेवलेला दोन भागांचा रेनकोट आपल्याला पुरेल.

प्रश्न : आमची भातशेती गगनबावडा तालुक्यात आहे. मुलीने पुण्याहून माझ्यासाठी महागडे जॅकेट आणले. दिवसभर वाकून रोपलावण करताना त्यात मी घामाने निथळते, पाठ उघडी पडते आणि साडीवर विजार काही चढत नाही. सासूबाई अजून इरलेच घेतात आणि माझ्यापेक्षा कोरड्या असतात. मुलीला वाईट वाटू नये म्हणून जॅकेट वापरते. काय करावे?

उत्तर : ताई, सासूबाईंचे बरोबर आहे, आणि त्यामागे जे कारण आहे ते मुलीलाही अवश्य सांगा.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पाने आणि आता प्लास्टिकचा कागद, असे इरले डोक्यावर टेकते आणि वाकलेल्या पाठीवर छपरासारखे उभे राहते. ते अंगाला चिकटत नाही. पाठ आणि इरले यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा राहते, तिच्यातून वारा खेळतो, घाम वाळतो आणि दोन्ही हात रोपांसाठी मोकळे राहतात. लावणीचे काम म्हणजे कंबरेतून वाकून, मागे मागे सरकत, तासन्‌तास चालणारी मेहनत. या कामासाठी शेकडो पावसाळ्यांत सुधारत गेलेले हे साधन आहे आणि त्याला जुनाट समजून कोपऱ्यात टाकणे मला मनापासून चुकीचे वाटते.

जॅकेटात दोष आहे असेही नाही. अशा कापडात अतिशय बारीक छिद्रांचा पडदा असतो; त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. मात्र वाफ बाहेर जाण्यासाठी आतल्यापेक्षा बाहेरच्या हवेत बाष्प बरेच कमी असावे लागते. आषाढात आपल्याकडची हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की हा फरक फार थोडा उरतो, आणि बाहेरचा कपडा पाणी पिऊन जड झाला की उरलेली वाटही मंदावते. थंड, कोरड्या डोंगरी हवेत जे जॅकेट उत्तम चालते, ते खाचरात वाकून काम करणाऱ्या बाईला उकडवते. युरोपातील ईएन ३४३ या पावसाळी कपड्यांच्या मानकात, वाफ सर्वांत कमी सोडणारा कपडा २५ अंश तापमानाला सलग ६० मिनिटांपेक्षा अधिक घालू नये, अशी मर्यादा सुचवलेली आहे. आपल्या शेतात मात्र साधा प्लास्टिकचा कोट सकाळी चढतो तो संध्याकाळीच उतरतो.

म्हणून लावणीला इरले घ्या. बांधावरून ये-जा करताना, जनावरांना वैरण टाकताना किंवा एस. टी.ची वाट पाहताना जॅकेट वापरा. मुलीचे मनही राखले जाईल. इरले विणणारे माणूस आपल्या भागात अजून असेल तर आपली उंची आणि वाकण्याची सवय दाखवून ते बनवून घ्या, कारण इरले कंबरेच्या खालीपर्यंत आले नाही तर पाणी नेमके कमरेवर पडते. साडीवर नवऱ्याचा जुना सुती शर्ट घालण्याची पद्धत आहे. सुती कापड ओले झाले की लवकर वाळत नाही आणि दुपारी वाऱ्याने अंग गार पडते, त्यापेक्षा पातळ पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. लावणीच्या चिखलात बूट रुततात, त्यामुळे पाय अनवाणी राहणारच. संध्याकाळी पाय स्वच्छ धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, म्हणजे चिखल्या आटोक्यात राहतील. पायाला जखम असेल तर त्या दिवशी खाचरात उतरू नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. कामानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणे असे काही झाले, तर शेतातल्या पाण्यात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : मी विजेच्या कामाच्या ठेकेदाराकडे हेल्पर आहे. वादळात तारा तुटल्या की रात्री-अपरात्री खांबावर जावे लागते. जाड रबरी रेनकोट आणि गमबूट घातले तर शॉक लागत नाही, असे सोबतचे म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : नाही. कृपा करून या समजुतीवर जीव टाकू नका. बाजारातील रेनकोट आणि गमबूट पाणी अडवण्यासाठी बनवलेले असतात, विजेचा दाब सहन करण्यासाठी तपासलेले नसतात. आणि वरून पाणी ओघळणारा कोट तर पाण्यातूनच वीज अंगावर आणू शकतो. पुरवठा बंद झाल्याची खात्री, तपासणी आणि अर्थिंग झाल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. विजेसाठी तपासलेले रबरी हातमोजे वेगळे मिळतात. ते ठेकेदाराकडून मागून घ्या, तो आपला हक्क आहे.

कोट निवडताना धातूची बटणे आणि लोंबत्या दोऱ्या नकोत. टोपी हेल्मेटच्या खाली बसेल अशी पातळ हवी. वरून ओढलेल्या टोपीमुळे बाजूचे दिसत नाही. सुरक्षा पट्टा कोटाच्या वरून बांधा आणि कोटाचा घोळ त्यात अडकत नाही ना, ते जमिनीवर असतानाच पाहा. आपले हात कामात वर उचललेले असतात, त्यामुळे दूध वाहणाऱ्या वाचकांना सांगितले त्याच्या उलट करा : मोज्याचे लांब तोंड बाहीच्या बाहेरून चढवा, नाहीतर पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत उतरते. भडक पिवळा रंग दिवसा उठून दिसतो. रात्री तो उपयोगाचा नाही, रात्री चमकते ती वाहनाचा प्रकाश परत फेकणारी चंदेरी पट्टी. ती छाती, पाठ आणि बाह्या अशा तिन्ही ठिकाणी हवी.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमचा ऊस आहे. पाऊस पश्चिमेइतका नसतो, पण उसात शिरले की दोन दिवसांत रेनकोट चिंध्या होतो. टिकाऊ कोणता? आणि पावसाळा संपल्यावर तो ठेवावा कसा?

उत्तर : उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते आणि नुसत्या प्लास्टिकच्या पत्र्याचा कोट तिच्यापुढे टिकत नाही. आत विणलेले कापड असलेलाच कोट घ्या. ओरखडा गेला तरी फाट पुढे सरकत नाही. बाह्यांना आणि मांड्यांना जाड कापड असले की पुरे, सगळा कोट जड घेऊन उसात फिरणे होत नाही. आपल्याकडे पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी शेतात चढते, म्हणून एक सावधगिरी सांगतो : वाहत्या पाण्यात रेनकोटाची विजार आणि गमबूट घालून उतरू नका. दोन्हींत पाणी भरले की पाय उचलत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की नदीकाठच्या रानातील कामे आवरती घ्यावीत. ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे.

ठेवण्याविषयी. मीठ-मातीचा थर साध्या पाण्याने धुवा, साबणाची पूड वापरू नका. सावलीत, रुंद हँगरला किंवा बांबूवर टांगून दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवा. चुलीजवळ किंवा पत्र्यावरच्या उन्हात वाळवलेल्या कोटाची टेप सुटते. इस्त्री अजिबात नको. लहान फाट असेल तर आतल्या बाजूने जागा स्पिरिटने पुसून, वाळवून, गोल कापलेले ठिगळ रबर सोल्युशनने चिकटवा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवले की ते उचकटत नाही. सुईदोऱ्याने शिवू नका, प्रत्येक टाका नवे भोक पाडतो. घडी घालून पेटीत दाबण्याऐवजी सैल गुंडाळून ठेवा, कारण पीव्हीसी घडीच्या रेघेवरच तडकते, आणि मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, एकदा काढून तांब्याभर पाण्याची ती परीक्षा पुन्हा करा.