वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा, उघडं ठेवायला एक्झॉटिक मॅटरच (ऋण ऊर्जेचा पदार्थ) का लागतं? साधं वस्तुमान का चालत नाही?

कारण साधं वस्तुमान प्रकाशाला नेहमी आत ओढतं, आणि इथे नेमकं उलटं हवं असतं.

एक प्रकाशझोत वर्महोलमध्ये सोडलाय असं समजा. आत शिरताना त्याचे किरण एकमेकांच्या जवळ येतात. गळा, म्हणजे सगळ्यात अरुंद जागा, ओलांडली की तेच किरण फाकायला लागतात. जवळ येणाऱ्या किरणांना फाकवायचं तर गुरुत्वाकर्षणाने ढकलायला हवं. ते काम ऋण ऊर्जेचंच. ती नसेल तर गळा मिटतो, तोही इतक्या झटकन की प्रकाशसुद्धा पलीकडे पोचत नाही. आइनस्टाइन-रोझेन पुलाचं, म्हणजे 1935 मध्ये कागदावर मांडलेल्या वर्महोलचं, हेच होतं. व्हीलर आणि फुलर यांनी 1962 मध्ये ते दाखवलं.

1973 मध्ये एलिस आणि ब्रॉनिकोव्ह यांनी स्वतंत्रपणे न मिटणाऱ्या गळ्याचं उत्तर काढलं ते फँटम क्षेत्र वापरून, म्हणजे ज्याच्या गतिज ऊर्जेचं चिन्हच उलटं आहे असं अदिश क्षेत्र (ज्याला प्रत्येक जागी फक्त एक आकडा असतो, दिशा नसते). गणित सुरेख आहे, पण असं क्षेत्र निसर्गात कुणाला सापडलेलं नाही. (मला तर ही पळवाटच वाटते.)

ऋण ऊर्जा ही निव्वळ कल्पना मात्र नाही. कॅसिमिर परिणामात दोन धातूच्या पट्ट्यांमधल्या पोकळीत ती मिळते, पण अगदीच चिमूटभर. एक मीटर त्रिज्येच्या गळ्याला साधारण गुरू ग्रहाच्या वस्तुमानाएवढी लागेल!

2018 मध्ये माल्डासेना, मिलेखिन आणि पोपोव्ह यांनी फँटमशिवाय, फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या) क्षेत्रांच्या क्वांटम ऊर्जेवर टिकणारं वर्महोल मांडलं. त्यातून जायला मात्र बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.