तिसऱ्या चढाईला पाय का अडतात?

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, गुहागरला कबड्डी खेळतो. सरावात चपळ, पण ‘करो या मरो’ चढाईला (सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, गुण नाही मिळवला तर बाद) मध्यरेषेपाशीच घुटमळतो. किनाऱ्यावर रोज पळवतो, तरी फरक नाही.

उत्तर : वाळूत दम वाढतो, पण टाच रुतते आणि वळण मंदावतं, पदलालित्य मैदानावरच घोटायला हवं. घुटमळणं मात्र बहुधा श्वासाचं दुखणं. भीतीने श्वास आखडतो, ‘कबड्डी’चा उच्चार तुटतो, मग लक्ष गुणफलकाकडे. आत शिरण्यापूर्वी दोनदा सावकाश श्वास सोडू द्या. ३० सेकंदांपैकी पहिल्या दहात ध्येय एकच : मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदानरेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागणारी रेषा, पार करणं. सरावात घड्याळ लावा, समोर सातही बचावपटू, बाहेर मित्रांचा आरडाओरडा. शांत सराव इथे कुचकामी! आणि बाद झाल्यावर पंचांना दिसलं नसलं तरी स्वतःहून हात वर करण्याची सवय सरावातच लावा.