चर्चमध्ये मला देवाची उपस्थिती जाणवतच नाही, माझा विश्वास कमी आहे का?

सलाम. तुम्ही लिहिलंय की वर्षभर चर्चला जाताय, वर्शिपच्या वेळी आजूबाजूचे लोक हात वर करून रडतात, देवाची पवित्र उपस्थिती इथे आहे असं म्हणतात, आणि तुम्हाला मात्र काहीच होत नाही, मग आपल्या विश्वासात खोट आहे का, आणि सोमवार ते शनिवार ऑफिसात ही उपस्थिती शोधायची कुठे. मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही. स्टाफ नर्स आहे, नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे जे जगले तेवढंच सांगते.

आमच्या गावच्या चर्चमध्ये कीबोर्ड, ड्रम वगैरे काही नव्हतं. दारात चपला काढायच्या, सतरंजीवर बसायचं, बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन, पेटी आणि तबला, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. अंगावर काटा येणं वगैरे लहानपणी कधी आठवत नाही, पण चपला काढताना आजी मोशेची गोष्ट सांगायची ती आठवते, जळत्या झुडपापाशी देवाने त्याला जोडे काढायला लावले कारण ती जागा पवित्र होती. मला तेव्हा वाटायचं की तिथे आधी कुठलं तरी देऊळ असेल. नव्हतं. मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता, रानात, कामावर. हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

आता मुद्द्याचं. 'काहीतरी जाणवणं' म्हणजे छान वाटणं असं आपण धरून चालतो, आणि माझ्या मते गडबड तिथेच होते. बायबलमध्ये ज्यांना देवाच्या पवित्रतेची गाठ पडली त्यांना आधी छान वाटलेलंच नाही. यशया संदेष्ट्याला मंदिरात दर्शन झालं, सराफीम म्हणजे देवदूत 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणतायत, उंबरठे हलतायत, आणि त्याच्या तोंडून काय निघालं तर माझं आता काही खरं नाही, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं तर आणखी जवळचं, तो चर्चमध्ये नव्हताच, स्वतःच्या होडीत होता, रात्रभर जाळी टाकून हात रिकामे, मग येशूच्या शब्दावर परत जाळं टाकलं आणि होडी बुडायची वेळ येईल इतके मासे मिळाले, तर तो खूश व्हायच्या ऐवजी येशूच्या पाया पडून म्हणतो, प्रभू माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे.

माझ्या बाबतीत हे एका प्रभुभोजनाला झालं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात त्या विधीला. माझ्या थोरल्या जावेशी, मी त्यांना ताई म्हणते, आठ महिने बोलणं बंद होतं. सासूबाईंच्या पाटल्यांवरून. मी त्या आठ महिन्यांत एकही रविवार चुकवला नव्हता, कॉयरमध्ये गात होते, आणि खरं सांगायचं तर गाताना मला डोळ्यांत पाणीही यायचं. त्या रविवारी पाळक साहेबांनी नेहमीसारखंच वाचलं की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मगच भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य. पण त्या दिवशी ताट माझ्यापर्यंत आलं आणि माझा हात उचललाच जाईना. कुठला आवाज आला नाही, कसला प्रकाश दिसला नाही, फक्त इतकं स्पष्ट कळलं की कोणीतरी मला बघतंय, आतपर्यंत, पाटल्यांसकट, आणि त्याच्यासमोर मला खोटं वागता येणार नाही. तो रागावलाय असंही वाटलं नाही, त्यामुळेच जास्त रडू आलं. मी ताट तसंच पुढे दिलं. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारातूनच ताईंना फोन केला, त्यांनी उचलला नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं आणि आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही, मग त्या म्हणाल्या, "चहा टाकते, आत ये."

मला विचाराल तर देवाची उपस्थिती मी त्या दिवशी अनुभवली, गाताना यायचं त्या पाण्यात नाही. ते पाणी खोटं होतं असं मी म्हणत नाही, संगीताने मन हलतं आणि ते देवानेच दिलेलं आहे, पण पाणी आठ महिने वाहत होतं आणि मी ताईंच्या दारात गेले नव्हते.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे मोठं आत्मिक जागरण झालं ते आमच्याकडे अजून सांगतात, मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या वगैरे. त्यात मला सगळ्यात खरं काय वाटतं तर त्या मुली आपली पापं कबूल करत होत्या. आणि रडणं थांबल्यावर मुक्तीतलं काम बंद पडलं नाही, दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा यांना सांभाळणं चालूच राहिलं, रमाबाई १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत बायबलच्या भाषांतरावर बसलेल्या होत्या. शब्दाशी झटत टेबलाशी बसणं हीसुद्धा उपस्थितीच की.

कोरडे दिवसही येतात हे सांगितलंच पाहिजे. बाबा गेल्यावर जवळपास दोन वर्षं मला प्रार्थनेत काहीही जाणवत नव्हतं, भिंतीशी बोलल्यासारखं. तेव्हा हॉस्टेलची जुनी रूममेट आठवायची, वसईची कॅथलिक, ती ड्युटी संपली की चर्चमध्ये जाऊन साक्रामेंतासमोर, म्हणजे तिथे जपून ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर, तासभर गप्प बसायची, गाणं नाही, बोलणं नाही, नुसता तो लाल दिवा तेवतोय. मी एकदा विचारलं, काय करतेस एवढा वेळ, तर म्हणाली, "तो आहे म्हणून मी बसते." आमची रीत वेगळी आहे, पण त्या दोन वर्षांत मी तेच केलं, मागच्या बाकावर जाऊन बसत राहिले.

ऑफिसचं विचारलंत. मला वॉर्डात डोळे मिटून प्रार्थना करायला वेळ नसतो, म्हणून एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुते तेवढ्यात मनात म्हणते, प्रभू, तू इथे आहेस. बस. बऱ्याचदा काहीच वाटत नाही. पण मागे नाईटला पहाटे तीनच्या सुमारास एका आजींची चादर बदलायची होती, तिसऱ्यांदा, मी चिडलेले होते आणि तोंडावर येणारच होतं काहीतरी, तेवढ्यात हात धुताना ते वाक्य सवयीने मनात आलं आणि मी एकदम थांबले. अगदी प्रभुभोजनाच्या वेळी झालं होतं तसंच. आजींना म्हटलं, संकोच करू नका, आणि त्यांचे पाय कोमट पाण्याने पुसले. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

त्यामुळे तुमचा विश्वास कमी आहे असं मला वाटत नाही, ज्याला पर्वा नसते तो असा प्रश्न विचारतच नाही. हात वर करावेसे वाटत नसतील तर करू नका, दुसऱ्याचं बघून रडू तर अजिबात आणू नका. पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री एकटे बसा आणि विचारा की प्रभू, माझ्यात तुला काय दिसतंय, आणि जे नाव किंवा जी गोष्ट मनात येईल ती झटकू नका. माझ्या मनात आधीचे आठही महिने ताईंचंच नाव येत होतं.