मायस्थेनियाचा रिपोर्ट येईपर्यंत

ताई, मायस्थेनिया म्हणजे स्नायू लवकर थकून गळण्याचा आजार. त्याच्या अँटीबॉडीचं रक्त बरेचदा बाहेरगावच्या लॅबला जातं, म्हणून उशीर होतो. जीव टांगणीला लागणारच. लॅबचं अ‍ॅप दर तासाला उघडून तो खाली उतरत नाही, एवढं मात्र खरं.

एक आधीच सांगते. एसीएचआर, म्हणजे या आजारात आधी बघतात ती अँटीबॉडी, निगेटिव्ह आली म्हणून मायस्थेनिया नाहीच, असं धरू नका. आजार अंगभर असेल तर ती साधारण 85 टक्के लोकांत पॉझिटिव्ह येते, डोळ्यांपुरताच असेल तर जेमतेम निम्म्यांत. मग डॉक्टर मस्क नावाची दुसरी अँटीबॉडी किंवा आरएनएस, म्हणजे नसेला विजेचे हलके झटके देऊन स्नायू थकतो का ते बघणारी तपासणी, सांगतात. पॉझिटिव्ह आलीच तर आकड्याची धास्ती नको. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं इथे नसतं. छातीचा सीटी सांगितला की घरचे हादरतात, पण तो छातीतली, या आजाराशी नातं असलेली थायमस ग्रंथी बघायला असतो.

तोवर गळणाऱ्या पापणीचे फोटो काढून ठेवा, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी थकल्यावर. सकाळच्या ओपीडीत पापणी नेमकी शहाण्यासारखी उघडी असते! डॉक्टरांना संध्याकाळचा फोटोच पटतो.

ताप आला तर केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, जेंटामायसिन अशांनी स्नायू आणखी गळू शकतात. मायस्थेनियाचा संशय आहे, हे दाताच्या डॉक्टरलासुद्धा सांगा. आणि गिळताना ठसका लागू लागला किंवा आडवं पडल्यावर श्वास पुरेना, तर रिपोर्ट गेला खड्ड्यात, रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा.