'जी-एल'ने सुरू होणारे आणि चकाकण्याशी संबंधित असे इंग्रजी शब्द कोणते? अर्थासह सांगा.

बरेच आहेत. ग्लो म्हणजे निखाऱ्यासारखं धगधगणं, ज्वाळा नसते. ग्लिटर म्हणजे जरीच्या काठासारखं चमचमणं. ग्लिमर म्हणजे मिणमिणणं. 'अ ग्लिमर ऑफ होप' म्हणजे आशेचा अंधुक किरण. ग्लिसन मला सगळ्यात आवडतो: ओल्या किंवा तेलकट वस्तूची चकाकी. पावसात भिजलेला रस्ता, घामेजलेलं कपाळ. स्पेलिंगमध्ये 'टी' आहे, पण उच्चारत नाहीत. ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा झोत, शिवाय डोळे वटारून बघणंही. ग्लान्स म्हणजे ओझरती नजर.

पण 'जी-एल' दिसलं की चमक, असं धरून चालू नका. ग्लव्ह म्हणजे हातमोजा आणि ग्लू म्हणजे डिंक. ग्लूम तर चक्क अंधार!