चवथीआधी वाळवीची ट्रीटमेंट? चौकटीपुरती करा, जमिनीला आत्ता हात लावू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. डिचोलीकडचं जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, देवखोलीच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली, आणि पेस्ट कंट्रोलवाला म्हणतोय की चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, अख्खं घर ड्रिल करून देतो, पाच वर्षांची गॅरंटी, या आठवड्यात बुक केलं तर डिस्काउंट. आमच्या फोंड्याच्या घरात शब्दशः हेच झालं होतं, फक्त रेघ देवखोलीऐवजी सोप्याच्या दाराला होती.

आधीच सांगतो, मी काही कीटकांचा तज्ज्ञ नाही आणि माझा हा धंदाही नाही. जुनं घर आहे, ते टिकवायचंय, म्हणून वाचून आणि माणसांना विचारून जे कळलं ते लिहितोय. वाळवी म्हणजे काय, रेघ कशी ओळखायची वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडून देतो.

मुद्दा एकच. वाळवीची जमिनीतली ट्रीटमेंट म्हणजे घराभोवतीची माती औषध पिऊन घेते आणि तिथे एक पट्टा तयार होतो. माती आधीच पाण्याने भरलेली असेल तर ती औषध पिणार कुठे? गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या विहिरी बघा, बऱ्याच ठिकाणी वाकून हाताने पाणी घ्यावं इतकं वर आलेलं असतं. वाळवीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, त्यात स्पष्ट आहे की पाऊस पडत असताना किंवा माती पावसाच्या अथवा जमिनीतल्या पाण्याने ओली असताना हे काम करू नये. म्हणजे मी काही जगावेगळं सांगत नाही, कंपन्यांनाही हे माहीत असतं. पण चवथीआधी सगळ्या गोव्याला घर साफ हवं असतं, रंग हवा असतो, मग तेवढ्यात पेस्ट कंट्रोलही उरकून घेऊ म्हणतात आणि ते तरी धंद्याच्या दिवसांत नाही का म्हणतील.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको, आणि खरं तर राग त्या कामगार पोरावर नाहीच, ऑफिसवर आहे. ऑगस्टमध्ये तारीख दिली. आम्ही फोनवर विचारलं, बाबा पावसात चालतं का हे? तर ऑफिसातून उत्तर, आमचं केमिकल वॉटरप्रूफ आहे. वॉटरप्रूफ! पाण्यातच कालवून टाकायचं औषध वॉटरप्रूफ. आला तो पोरगा, सकाळी थोडी उघाड होती म्हणून बाहेरच्या जोत्याला ड्रिल मारायला लागला, एकेक फुटावर भोक. ड्रिल बाहेर काढलं की भोकात पाणी वर यायचं, तांबडं, चिऱ्याचा गाळ घेऊन. त्यात नळी घालून औषध सोडलं की ते दुधासारखं पांढरं होऊन तसंच उलटं बाहेर, आणि जोत्यावरून ओघळत तुळशीच्या बाजूने थेट गटारात. पोरगा प्रामाणिक होता, म्हणाला, "साब, ये अंदर जा ही नहीं रहा." आमच्यासमोर त्याने ऑफिसला फोन केला. तिकडून हुकूम झाला, पूर्ण कर आणि सही घेऊन ये.

सही केली माझ्या बाबांनी. ते कागद वाचून सही करणाऱ्यांतले नव्हेत, समोरचा भिजतोय म्हणून लवकर मोकळा करावा एवढंच त्यांच्या मनात. त्या जॉब कार्डावर एक रकाना होता, मातीची स्थिती, आणि तिथे 'कोरडी' छापूनच आलेलं. पेनाने लिहिलेलं नव्हे, छापलेलं. ऑगस्टच्या पावसात.

पुढच्या जूनच्या सुरुवातीला पहिला पाऊस पडला आणि तिन्हीसांजेला त्याच चौकटीतून पंखवाली वाळवी भळाभळा बाहेर. गॅरंटीसाठी फोन केला तर ऑफिस म्हणतं, कार्डावर माती कोरडी लिहिलंय, तुमची सही आहे, म्हणजे काम बरोबर झालं. मग नवीन वाळवी कुठून आली? तर म्हणे तुम्ही भोकं सिमेंटने नीट बुजवली नसतील, त्यामुळे गॅरंटी रद्द. भोकं त्यांच्याच माणसाने बुजवली होती! फोनवर दर वेळी वेगळा माणूस, आणि प्रत्येकाला कथा पहिल्यापासून सांगायची. शेवटी फणसाच्या लाकडाची जुनी चौकट आतून पोकळ निघाली, बदलावी लागली. आणि ते गटारात गेलेलं औषध विहिरीत किती गेलं या भीतीने आईने त्या मोसमात विहिरीचं पाणी स्वयंपाकाला लावलंच नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलं, चौकटीपेक्षा. चिरा म्हणजे चाळण, त्यातून पाणी कुठून कुठे जातं ते सांगता येत नाही. म्हणून तुमची विहीर किती लांब आहे हे आधी मोजा आणि ट्रीटमेंटवाल्याला विचारा की विहिरीच्या बाजूला तो काय वेगळं करणार. "काही होत नाही" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

(ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही गेलो नाही, घरात कोणाला उत्साह नव्हता. पण तुम्ही आत्ताच अडकला असाल तर कागद, व्हॉट्सॅप, फोटो सगळं जपून ठेवा.)

आता तुम्ही काय करायचं. आधी ती रेघ पूर्ण खरवडून टाकू नका, सगळे तेच करतात. मधे बोटभर फोडा आणि एकदोन दिवसांनी बघा. परत ओल्या मातीने बुजवली असेल तर आत हालचाल आहे. तशीच उघडी राहिली तर जुनी रेघ असू शकते, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, चौकट खालपासून वरपर्यंत टिचकी मारत ऐका, पोकळ आवाज कुठून येतो ते कळतं. हालचाल असेल तर आत्ता फक्त लाकडात, म्हणजे चौकटीत बारीक भोकं पाडून औषध इंजेक्ट करून घ्या. ते पावसातही होतं. जमिनीचं काम फेब्रुवारी ते मे या काळात, मला विचाराल तर मार्च-एप्रिल. काजूचा सीझन चालू असतो, माती कोरडी ठणठणीत, औषध टाकलं की घट्ट पिऊन घेते आणि पावसाआधी त्याला बसायला वेळ मिळतो. आणि तुमचं नळ्यांचं (कौलांचं) घर असेल तर पावसाआधी नळे परततातच ना, तेव्हा वासे-रिपा उघड्या पडतात, त्याच दिवशी लाकडाला औषधाचा हात फिरवून घ्या. परत वर चढायचा खर्च वाचतो. आमच्याकडे जुने लोक काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, चांगलं चालतं, पण कातडी भाजते, हातमोजे घातल्याशिवाय कोणाला लावायला देऊ नका.

आणि एक, पावसात भिंतीला टेकवून लाकडं, चुडतां (माडाच्या झावळ्या), शेणी रचून ठेवतो ना आपण? ती आधी हलवा. औषधापेक्षा हे मोठं काम आहे असं माझं ठाम मत. भिंतीपासून हातभर लांब, खाली चिरे घालून वर रचा. पन्हळीचं पाणी जोत्यावर पडत असेल तर तेही बघा.

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाली वाळवी आली की लोक घाबरून फोन फिरवतात. बाहेरून आली असेल तर दिवे मालवा, सकाळी पंख झाडा, संपलं. ती घराच्या आतून, भिंतीतून किंवा चौकटीतून निघाली तर मात्र गंभीर, कारण पंखवाली पाठवण्याइतकी वस्ती मोठी व्हायला काही वर्षं लागतात, म्हणजे दुखणं जुनं आहे. मुंग्यांनाही पंख फुटतात तेव्हा, त्यांची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मोठे, वाळवीचे चारही पंख सारखे. परसात लांब रोयण (वारूळ) असेल तर तिला काही करू नका. आमच्याकडे तर ती सातेरी देवीचीच, कोणी हातही लावणार नाही, आणि पावसात अळमी (खायची रानअळंबी) येतात त्या तिच्याच जिवावर.

वाळवीशिवायचंही थोडं लिहितो, कारण ऑफिसं "वर्षाला तीन सर्व्हिस" असं पॅकेज देतात आणि तारखा मोजतात तुम्ही पैसे भरले त्या दिवसापासून. डिसेंबरात पैसे भरले तर एप्रिलमध्ये एक, ऑगस्टमध्ये एक, असं. किड्यांना तुमच्या पावतीची तारीख माहीत नसते हो! पॅकेज घेतलंच तर सांगा की एक फेरी मे महिन्यात, एक पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि हे लेखी द्या.

मे महिन्यात झुरळांसाठी बाहेरचे चेंबर आणि मोरीचे पाइप करून घ्या, कारण पाऊस भरला की मोठी तांबडी झुरळं तिथूनच वर येतात. स्वयंपाकघरातली बारकी झुरळं वेगळी, त्यांना जेल, ते बाराही महिने चालतं. पण जेल लावलेल्या जागी स्प्रे मारू नका, मग झुरळं जेल खातच नाहीत आणि दोन्हीचे पैसे गेले. अंड्यांच्या कोशावर स्प्रेचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोनतीन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच, ती पहिल्याच पैशांत आहे का ते विचारून घ्या. पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) खोलीत मात्र स्प्रे अजिबात नको. तांदूळ, सुकं, सोलं कडक उन्हात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, बस्स.

डासांना पेस्ट कंट्रोलवाला लागतच नाही असं मी म्हणेन, लोक रागावतील. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा आणि करवंट्या, कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे, ताडपत्रीच्या खोलगट घड्या, पोफळीच्या पोया, सगळं ओतून टाका. डेंगीच्या डासाची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसतं ओतून भागत नाही, भांडं आतून घासायला हवं. विहिरीत गप्पी मासे सोडा. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्यांच्या पाण्याच्या टाकीकडे लक्ष ठेवा, भांडण झालं तरी चालेल.

उंदीर भातकापणीच्या सुमारास, ऑक्टोबरात, शेतातून घराकडे वळतात. तेव्हा घरात पिंजरा लावा. विषाची वडी घरात नको, ती खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी कुठेतरी माळ्यावर मरतो आणि मग वास शोधत बसा. कुत्रा-मांजर असेल तर अजून धोका. उंदरांमागे साप येतो, तो दिसला तर वनखात्याला फोन, स्वतः काठी घेऊन जाऊ नका. आणि पावसात वाणी (पैसा किडे) घरात शिरतात त्यांना केरसुणीने सुपलीत घ्या नि बाहेर टाका. वाणीसाठी स्प्रे मारणारे मी पाहिलेत, त्यांना काय म्हणावं.

परत तुमच्या माणसाकडे. फवारणीचा धंदा करायला लायसन्स लागतं, ते कृषी खात्याचं, टोंक-करंजाळेला कृषी भवन आहे. त्याची कॉपी मागा. औषधाची बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, लेबल वाचा, त्यावरचा त्रिकोण लाल-पिवळा-निळा-हिरवा असतो, लाल सर्वात जहाल. इमिडाक्लोप्रिड साडेतीस टक्केवालं असेल तर वाळवीसाठी लिटरला साधारण दोन मिली एवढंच लागतं, तरी शेवटचा शब्द लेबलचा, माझा नव्हे. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरना विचारून, आणि त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवून. आणि सही करण्याआधी कार्डावरचा प्रत्येक रकाना वाचा, आईबाबा एकटे असतील तर त्यांना फोनवर सांगा की मी येईपर्यंत सही नाही.

त्याला आता एवढंच विचारा, लाकडापुरतं आत्ता करून जमिनीचं मार्चमध्ये करशील का, आणि गॅरंटी मार्चपासून लिहून देशील का. तयार झाला तर बरा माणूस असणार. डिस्काउंट जाईल, जाऊ दे.

चौकटीच्या तळाचा, जिथे ती जमिनीला टेकते तिथला फोटो टाका, आणि बाहेरून त्याच भिंतीला काय आहे, न्हाणी, पन्हळ की लाकडं, तेही लिहा. इथे जुन्या घरांत राहणारे अजून लोक आहेत, ते बघून सांगतील.